लिंबाजीच्या दारात गंगा

टेकाडवाडी म्हणून एक गाव होतं. गावात शहाणे रग्गड होते. भोळा मात्र एकच होता. त्याचं नाव लिंबाजी.

लिंबाजी शेळ्या राखायचा. अंगानं धिप्पाड, मनानं लोण्यासारखा. कुणी काही सांगितलं की तो पुरतं ऐकून घ्यायचा आणि ऐकलं तसंच करायचा. त्यात पदरचं काही घालायचा नाही. एकदा बायको, भागा तिचं नाव, चुलीपुढून उठताना म्हणाली, "अवं, भाकरी करपती का बघा जरा." लिंबाजी तव्यापुढं बसला आणि बघत राहिला. भागा परत आली तेव्हा भाकरीचा कोळसा झाला होता.

"करपली," लिंबाजी म्हणाला. "मी नीट बघितलं."

भागानं दुसरी भाकरी थापायला घेतली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

या दोघांना एक मुलगी होती, मैना. ती गावच्या शाळेत तिसरीत जायची. टेकाडवाडीत शाळा होती, पण गावाचं आणि शाळेचं येणं-जाणं नव्हतं. गिरणीत दळण टाकावं तशी लोक सकाळी पोरं शाळेत टाकायचे आणि संध्याकाळी पोरं आपापली घरी यायची. शाळेतून बोलावणं आलंच तर त्याचा अर्थ एकच. पोरानं काहीतरी फोडलंय, नाहीतर कुणाचं तरी डोकं फोडलंय. म्हणून बोलावणं आलं की बाप रानात जायचा, आई माहेरी जायची आणि आजीला ऐकू यायचं बंद व्हायचं.

त्या वर्षी शाळेत रसाळ बाई नव्यानं आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पोरांबरोबर निरोप धाडला, "घरच्यांना म्हणावं, उद्या शाळेत या."

दुसऱ्या दिवशी अख्खा गाव रानात गेला. एकटा लिंबाजी शाळेत आला. निरोपात 'या' म्हटलं होतं, म्हणून तो आला.

बाईंना फार आनंद झाला. त्यांनी त्याला बसायला सतरंजी दिली, पाणी दिलं. "लिंबाजीभाऊ," त्या म्हणाल्या, "तुमची मैना हुशार आहे बरं का. वाचते छान. पण घरी गेल्यावर पुस्तक उघडत नाही. तुम्ही जरा डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा."

लिंबाजीच्या पोरीला आजवर हुशार असं कुणी म्हटलं नव्हतं. "ठेवतो बाई," तो म्हणाला, "तेलाला मागंपुढं बघणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शाळेच्या दारात उभा. डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या, गालांवर ओघळ. बाईंनी आधी दोन पावलं मागं घेतली, मग हुंगून पाहिलं. वास करडईच्या तेलाचा होता.

"हे काय केलंत?"

"तेल घातलं. लक्ष ठेवलं."

"मग वाचलं का मैनानं?"

"त्ये काय दिसलं न्हाई बाई. डोळ्यांत तेल हुतं."

बाईंनी त्याला डोळे धुवायला पाणी दिलं. हसू आवरायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "अहो, तेल नको आणि काही नको. कुणी वाचताना दिसलं की जवळ जायचं, पाठीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचं, 'शाब्बास, आता पुढचं वाच.' एवढंच."

"असं हाय व्हय," लिंबाजी म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं. लिंबाजीच्या ध्यानात गेलेली गोष्ट कधी हरवायची नाही. फक्त बाहेर यायची ती भलत्याच दारानं.

थोड्या दिवसांनी मैना खिचडीची ताटली घरी विसरली. ती द्यायला लिंबाजी शाळेकडं आला. ओसरीवर एक साहेब पाठमोरे उभे होते. हे केंद्रप्रमुख, वाकचौरे साहेब. आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या शाळांवर यांची देखरेख. ते शाळा तपासायला आले होते आणि चष्मा कपाळावर सरकवून भिंतीवरचा फलक पुटपुटत वाचत होते.

कुणीतरी वाचताना दिसलं. लिंबाजी जवळ गेला. शेळ्यांच्या पाठी थोपटून थोपटून राकट झालेला आपला पंजा त्यानं साहेबांच्या पाठीवरून मानेपासून कमरेपर्यंत फिरवला.

"शाब्बास," तो म्हणाला. "आता फुडचं वाच."

साहेब इतके दचकले की त्यांनी पुढची ओळ वाचून टाकली.

"शाब्बास," लिंबाजी म्हणाला. "अजून फुडचं."

तेवढ्यात बाई बाहेर आल्या म्हणून बरं. साहेब लाल झाले होते. लिंबाजीच्या तोंडावर मात्र कृतकृत्य भाव होता. बाईंनी साहेबांना आत नेऊन चहा पाजला, चार वेळा माफी मागितली आणि साहेब गेल्यावर लिंबाजीला समोर बसवलं. खरं तर त्यांना राग आला होता. पण तो त्यांनी गिळला. गावात शाळेला पालक शंभर होते आणि शाळेत येणारा हा एकच.

"लिंबाजीभाऊ, ते मोठे पाहुणे. मोठे पाहुणे शाळेत आले तर असा अंगाला हात लावायचा नसतो. त्यांच्या गळ्यात हार घालायचा. नारळ द्यायचा. बसायला खुर्ची द्यायची. आणि हात जोडून म्हणायचं, 'आपण आलात, शाळेची शोभा वाढली.'"

"असं हाय व्हय. ध्यानात ठेवतो."

घरी जाताना त्यानं ते वाटेतल्या प्रत्येक बाभळीला म्हणून दाखवलं. मैना त्याच्या मागून चालत होती. ती म्हणाली, "आबा, बाई तुमच्यावर चिडल्या व्हत्या."

"न्हाई गं," लिंबाजी म्हणाला, "त्या मला शिकवत्यात. तुला बी शिकवत्यात, मला बी शिकवत्यात."

मैनाला हे पटलं. ती बापाचं बोट धरून घरी आली.

टेकाडवाडीत देवाला सोडलेला एक वळू होता. कुणाचा नाही आणि सगळ्यांचा. मन मानेल तिथं चरायचा, मन मानेल तिथं बसायचा. एके दिवशी दुपारी त्याला शाळेतल्या खिचडीचा वास आला. पोरं पंगत धरून बसली होती. बाई आतल्या खोलीत तांदळाचं पोतं मोजून घेत होत्या. वळू फाटकातून आत आला. पोरं ताटल्या टाकून ओसरीच्या भिंतीला चिकटली.

नेमका त्याच वेळी लिंबाजी आला. त्यानं वळूकडं नीट पाहिलं. शाळेत इतकं मोठं पाहुणं आजवर आलेलं नव्हतं.

तो धावत वर्गात गेला. सरस्वतीच्या तसबिरीचा झेंडूचा हार काढून आणला आणि वळूच्या गळ्यात घातला. वळूनं मान वाकडी करून तो खाल्ला. नारळ कुठं दिसेना, म्हणून लिंबाजीनं खिचडीचं पातेलंच दोन्ही हातांनी उचलून पुढं धरलं. वळूनं तेही नाकारलं नाही. मग लिंबाजीनं बाईंची खुर्ची आणली आणि वळूच्या मागं अदबीनं सरकवली.

"बसा," तो म्हणाला. "आपण आलात, शाळेची शोभा वाढली."

खुर्ची मागच्या पायांना लागली तसा वळूनं लाथ झाडली. खुर्चीचे पाय एकीकडं गेले आणि पाठ एकीकडं. आवाज ऐकून बाई बाहेर आल्या तेव्हा लिंबाजी हात जोडून उभा होता आणि पाहुणे पातेलं चाटत होते.

त्या दिवशी पोरं उपाशीच घरी गेली असती. पण खिचडी करणाऱ्या कोंडामावशींनी पुन्हा चूल पेटवली. पेटवताना त्या जे बोलल्या ते पोरांनी पाठ केलं, पण इथं सांगण्यासारखं नाही.

बाईंनी मोडक्या खुर्चीकडं पाहिलं. मग लिंबाजीकडं पाहिलं. "लिंबाजीभाऊ," त्या सावकाश म्हणाल्या, "असं काही फाटकाकडं येताना दिसलं ना, की हातात काठी घ्यायची. फाटकात आडवं उभं राहायचं. 'हैक' म्हणायचं आणि आलं तसं माघारी हाकलायचं. आत पाऊल ठेवू द्यायचं नाही."

"किती बी मोठं असलं तरी?"

"कितीही मोठं असलं तरी."

"आन् लई जन एकदम आले तर?"

"कळपच्या कळप आला तरी," बाई म्हणाल्या. बोलून बोलून त्या दमल्या होत्या.

"असं हाय व्हय. ध्यानात ठेवतो."

बाईंच्या मनात बरेच दिवस एक गोष्ट होती. गावातल्या आयाबापांनी एकदा तरी शाळेत यावं, सतरंजीवर बसावं, आपलं पोर कसं वाचतं ते आपल्या कानांनी ऐकावं. निरोप धाडून कुणी येत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. म्हणून त्या शाळा सुटल्यावर घरोघरी जाऊ लागल्या. कुणाकडं ताक प्यायल्या, कुणाकडं शेंगा फोडू लागल्या. सगळीकडं एकच सांगत होत्या, "तक्रार काही नाही हो. पोरांचं कौतुक आहे. या."

लोक आधी लाजले, मग तयार झाले. शनिवार ठरला. बायकांनी पेटीतली लुगडी काढली. पुरुषांनी टोप्या धुतल्या. शाळेत पोरांनी अंगण झाडलं, रांगोळी काढली. प्रत्येकानं एकेक धडा तयार केला होता. सगळ्यांत आधी मैनाचा होता. तो तिनं शेळ्यांपुढं इतक्यांदा वाचला होता की शेळ्या तो ऐकून उठून जायच्या.

लिंबाजी त्या दिवशी सगळ्यांच्या आधी निघाला. पोरीचं वाचन चुकायला नको म्हणून. सवयीनं हातात काठी होती. तो फाटकात पोचला आणि सहज मागं वळून पाहिलं, तर वेशीकडून धुरळा उडवत बरंच काही येत होतं. एकदम. कळपच्या कळप.

लिंबाजी फाटकात आडवा उभा राहिला.

"हैक," तो म्हणाला.

पुढं सरपंच होते. ते थांबले. "लिंबा, बाजूला हो. बाईंनी बोलावलंय."

"बाईंनीच सांगितलंय. किती बी मोठं असलं तरी आत सोडायचं न्हाई. हैक."

"आरं, खुळा का काय?"

"आला तसं माघारी," लिंबाजी म्हणाला आणि काठी आपटली. त्याला वाईट वाटत होतं, पण हुकूम म्हणजे हुकूम. गर्दीत त्याची बायकोही होती. "भागे, तू बी माघारी फिर," तो हळू आवाजात म्हणाला. "माझा इलाज न्हाई."

एक म्हातारी म्हणाली, "म्या म्हटलं नव्हतं? शाळंत आपल्याला कोण घेतंय. चला गं." धुतलेल्या टोप्या आणि पेटीतली लुगडी आल्या वाटेनं परत गेली. लिंबाजीनं शेवटचा माणूस दिसेनासा होईपर्यंत फाटक राखलं. मग कपाळाचा घाम पुसत तो आत गेला.

आत सतरंज्या अंथरलेल्या होत्या. चहाचं पातेलं झाकून ठेवलं होतं. पोरं धुतलेल्या कपड्यांत ओळीनं बसून दाराकडं बघत होती.

"बाई," लिंबाजी म्हणाला, "एक बी आत येऊ दिला न्हाई."

बाई ओसरीच्या पायरीवर बसल्या आणि रिकाम्या वाटेकडं बघत राहिल्या. लिंबाजी 'पुढच्या वेळी असं करायचं'ची वाट बघत उभा राहिला. पण या वेळी त्यांनी ते सांगितलंच नाही. मैनानं पुस्तक मिटलं आणि ती रडायला लागली. बापाबरोबर न येता ती एकटीच घरी गेली.

लिंबाजी जेवला नाही. भाकरी पुढं घेऊन तसाच बसला. "भागे," त्यानं विचारलं, "माझं काय चुकलं गं?"

भागाचा दिवसभराचा राग होता. पण त्याचं तोंड बघून तो तिला धरता आला नाही. "चुकलं न्हाई," ती म्हणाली. "तुमी सांगितल्यापरमानंच केलं. त्येच वंगाळ झालं."

हे लिंबाजीला कळलं नाही. पण आपण काहीतरी मोडलंय आणि ते आपल्यालाच सांधायला हवं, एवढं त्याला कळलं.

गाव रुसलं ही बातमी वाकचौरे साहेबांच्या कानावर गेली. पुढच्या शनिवारी ते स्वतः आले. लोक शाळेत येणार नाहीत म्हणून साहेबांनी त्यांना देवळापुढच्या पारावर जमवलं. साहेबांना भाषणाची आवड होती आणि आजवर माणसं इतकी मिळाली नव्हती. झाला प्रकार गैरसमजातून झाला, असं सांगून ते भाषणावर आले. लोक जांभया देत होते. एकटा लिंबाजी अगदी पुढं, शब्दन् शब्द गिळत बसला होता.

शेवटी साहेबांनी हात वर केला. "बंधूंनो आणि भगिनींनो, ज्या दिवशी घर शाळेत येईल आणि शाळा घरात जाईल, त्या दिवशी ज्ञानाची गंगा आपणहून तुमच्या दारात येईल."

लिंबाजी उठून उभा राहिला. "साहेब, नक्की येईल?"

साहेबांनी त्याला ओळखलं आणि पाठ पाराच्या झाडाला टेकवली. "नक्की येईल."

"गंगा?"

"गंगा."

"दारात?"

"अगदी दारात," साहेब म्हणाले. भाषणानंतर कुणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे ते खूश झाले.

"असं हाय व्हय," लिंबाजी म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

बाईंनी ते ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण त्या शेवटची जीप गाठायला निघाल्या होत्या. रविवारी त्या आपल्या घरी, तालुक्याला असायच्या.

रविवारी दिवस उगवायला लिंबाजी कामाला लागला. आधी घर शाळेत न्यायचं होतं. त्यानं हंड्या, मडकी, जातं, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं, सगळं डोक्यावरून वाहिलं. शाळेच्या खोलीची किल्ली कोंडामावशींकडं असायची. "साहेबांचा हुकूम हाय," लिंबाजी म्हणाला. कोंडामावशींना साहेबांचे हुकूम कधीच कळायचे नाहीत, त्यामुळे हाही त्यांनी मानला. भागा म्हणाली, "अवं, असं नसतंय." लिंबाजी म्हणाला, "माझ्या कानांनी ऐकलंय." शेवटी तिनं तीन दगड मांडून वर्गात चूल केली, कारण कुठंही गेलं तरी भाकरी तिलाच करायची होती. शेळ्या खिडकीच्या गजांना बांधल्या.

मग शाळा घरात आणायची होती. लिंबाजीनं फळा पाठीवर घेतला. घंटा काढून आपल्या दारातल्या लिंबाच्या झाडाला टांगली. तक्ते, सतरंज्या, खडूंचा डबा, सरस्वतीची तसबीर, सगळं आणून जागच्या जागी लावलं.

लोक वाटेत अडवून विचारायचे, "लिंबा, काय चाललंय?"

"गंगा येनार हाय," लिंबाजी सांगायचा. "माझ्या दारात. साहेब बोलले."

टेकाडवाडीच्या नळाला पाणी यायचं ते लहर लागेल तेव्हा आणि यायचं तेही करंगळीएवढं. हंडा भरेस्तोवर भरणारी म्हातारी व्हायची. अशा गावात ही बातमी पसरायला किती वेळ लागणार? कुणी म्हणालं, कालवा येतोय. कुणी म्हणालं, मोठा पाइप टाकलाय. फाटकातून माघारी फिरल्यावर शाळेचं तोंड बघणार नाही अशी शपथ घेतलेली म्हातारी सर्वांत आधी कळशी धुऊन बसली.

सोमवारी सकाळी बाई जीपमधून उतरल्या आणि शाळेत आल्या. खिडकीतून एका शेळीनं त्यांच्याकडं पाहिलं. आत धूर होता. भागा भाकरी थापत होती.

"या बाई," भागा म्हणाली. "चा ठेवू?"

"भागाताई, शाळा कुठं आहे?"

"आमच्या घरी गेली," भागा म्हणाली. तिला लाज वाटत होती, पण जे होतं ते होतं. भाकरी तव्यावरून उतरवून ती बाईंबरोबर निघाली.

लिंबाजीच्या बोळात बाईंना शिरता येईना. हंडे, कळशा, घागरी, डबे, बादल्या यांची रांग दारापासून पार वेशीपर्यंत गेली होती आणि प्रत्येक भांड्यामागं एकेक माणूस उभा होता. सरपंच होते. म्हातारी होती. बोलावणं आलं की रानात जाणारे सगळे बाप होते आणि माहेरी जाणाऱ्या सगळ्या आया होत्या. अंगणात सतरंज्यांवर पोरं ओळीनं बसली होती. फळा खुंटीला टांगला होता. सर्वांत पुढं उंबऱ्याशी घासून लख्ख केलेला हंडा घेऊन लिंबाजी उभा होता.

"बाई," तो म्हणाला, "घर शाळंत नेलं. शाळा घरात आणली. आता गंगा किती वाजता सोडनार?"

मागून सरपंच म्हणाले, "जरा येळ जास्त सोडा, बाई. रांग मोठी हाय."

सगळी रांग बाईंकडं बघू लागली. बाईंनी तोंड उघडलं. गंगा नाही, पाणी नाही, घरी जा, असं सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर ही माणसं रिकामे हंडे घेऊन गेली असती आणि शाळेच्या वाटेला जन्मात पुन्हा आली नसती. बाईंनी त्या रांगेकडं पाहिलं. मग सतरंजीवर खाली मान घालून बसलेल्या मैनाकडं पाहिलं.

"मैना," त्या म्हणाल्या, "तो धडा वाच."

मैना उठली. तिनं पुस्तक उघडलं. मुंगीचा धडा होता. मुंगीला ओढ्यापलीकडं जायचं असतं आणि ती वाटेत भेटेल त्याला विचारत सुटते. पहिल्या दोन ओळी कुणाला ऐकू आल्या नाहीत. तिसरीला आवाज सापडला. मग ती थांबेना. मुंगीसारखी बारीक बोलली, बेडकासारखी जाड बोलली.

आपल्या बोळातलं, आपल्या धुळीत खेळणारं पोर कागदाकडं बघून असं घडाघडा बोलतंय, हे त्या लोकांनी कधी ऐकलं नव्हतं. मागच्यांना नीट ऐकू येईना, म्हणून ते हंडे तिथंच ठेवून पुढं सरकले. सरपंच सतरंजीच्या कडेला टेकले. भागानं पिठाचे हात पदराला पुसले आणि तो पदर तसाच तोंडाशी धरला.

"ही लिंबाची पोर?" म्हातारी कुजबुजली. "माझा नातू बी असंच वाचतोय का गं?"

"त्याचा नंबर हिच्यानंतर आहे, आजी," बाई म्हणाल्या. "बसा."

म्हातारी कळशी उपडी घालून तिच्यावर बसली.

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलंच, "आन् बाई, गंगेचं काय?"

बाईंनी मैनाच्या डोक्यावर हात ठेवला. "ही काय, सुरू झाली," त्या म्हणाल्या. "हिच्या तोंडून वाहतेय की."

लोकांना ते कळलं. कुणी हसलं, कुणी मान हलवली, कुणी डोळे पुसले. रांगेतली भांडी एकेक करून खाली ठेवली गेली.

लिंबाजीनं मात्र आपला हंडा उचलला. तो हलक्या पावलांनी पोरीजवळ गेला, गुडघे टेकून बसला आणि हंड्याचं तोंड त्यानं तिच्या हनुवटीखाली नीट धरलं.

"वाच, बाय," तो म्हणाला, "थांबू नगंस. मागं रांग हाय."